पुढचे सर, मागचे सर

१७ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळ.

पिरंगुटच्या घशाच्या डॉक्टरांनी आज माझ्या घशात कॅमेरा घातला आणि मलाच माझं स्वरयंत्र स्क्रीनवर दाखवलं. दोन्ही बाजूंना गाठी. पांढऱ्या, ज्वारीच्या दाण्यासारख्या. म्हणाले, ओरडून ओरडून होतात. शिक्षक आणि भाजीवाले, हे त्यांचे नेहमीचे पेशंट. आता महिनाभर मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं ताण जास्त येतो म्हणे. नाहीतर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर आवाज तोच राहील अशी गॅरंटी नाही.

मी हसलो. म्हणजे हसायला गेलो. हवा बाहेर आली.

माझा आवाज ही साधी गोष्ट नाही. परिपाठाला मी ‘सावधान’ म्हटलं की खालच्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन ताठ होतो. हे त्यानं स्वतः मला सांगितलंय. युनूस अत्तार म्हणजे आवाज, हे तालुक्यात कोणालाही विचारा.

निश्चय: कोणालाही कळू द्यायचं नाही. रजा घ्यायची नाही. रजा घेतली तर घोटावड्याच्या पुढच्या आमच्या वाडीवर मेधा मॅडम एकट्या चारही वर्ग सांभाळणार. सांभाळतीलही. मग वरून कोणीतरी म्हणणार, एका शिक्षकात भागतंय की. पट आधीच उतरलाय, पोरं बसनं पिरंगुटच्या इंग्लिश मीडियमला चाललीत. मी अतिरिक्त ठरणार आणि कुठल्यातरी डोंगरापलीकडे जाणार. पौडचं घर सोडून. या वयात.

एक महिना. माझ्यासारख्याला अवघड नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गळ्याला मफलर. मेधा मॅडमना चिठ्ठी दिली: ‘दाढ काढली आहे. दोन दिवस बोलता येणार नाही.’ मॅडम म्हणाल्या, काळजी घ्या. काही विचारलंसुद्धा नाही. हेडमास्तर असून माणूस ओळखण्यात कच्च्या.

तिसरी-चौथीचा वर्ग माझा. एकत्रच बसतात. टेबल वाजवून, खडूनं लिहून, हातवारे करून भागवलं. भूगोलात मी डोंगर दाखवला तर पोरांना वाटलं मी उंट दाखवतोय. दुपारनंतर वर्गात बाजार भरला. मी मध्ये उभा राहून तोंड उघडलं आणि मिटलं. कोणी बघितलंसुद्धा नाही.

आयुष्यात पहिल्यांदा वर्गात असताना मला कोणीतरी वाचवायला यावं असं वाटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मार्ग सापडला!

गेल्या वर्षी पौडला ट्रेनिंग झालं होतं, ऑनलाइन ॲनिमेशनचं. एक पोरगेलासा ट्रेनर वेबसाइट दाखवत होता: चित्रातला माणूस निवडा, खाली वाक्य टाइप करा, तो माणूस तोंड हलवून बोलतो. मी तेव्हा शेवटच्या रांगेतून उठून सांगितलं होतं की शिक्षकाचा आवाज हीच खरी टेक्नॉलॉजी. टाळ्या पडल्या होत्या. वेबसाइटचं नाव मात्र मी लिहून घेतलं होतं. दूरदृष्टी.

आज शाळेतून आल्या आल्या उघडली. फुकटचं व्हर्जन. माणूसही सापडला: निळा कोट, मिशी, माझ्यासारखाच भांग. तो माझ्याऐवजी शिकवणार, मी मागून लॅपटॉप चालवणार. कोणाला कळणार आहे?

दोन किरकोळ अडचणी. फुकटात मराठी आवाज एकच आहे आणि तो बाईचा आहे. आणि त्या माणसाला पाचच गोष्टी येतात: हात हलवणे, चालणे, टाळ्या वाजवणे, विचार करणे, नाचणे. रागावता येत नाही. बघू.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीनं शाळेला दिलेला टीव्ही तीन वर्षं विणलेल्या कव्हरखाली होता. आज उघडला. निळ्या कोटातला माणूस हात हलवत आला आणि बाईच्या आवाजात म्हणाला, ‘मुलांनो, मी युनूस सर.’

वर्गात असा हशा पिकला की दुसरीची पोरं दारात येऊन उभी राहिली. मग सगळे एकदम गप्प झाले. ‘आज आपण अपूर्णांक शिकू’ एवढं त्यानं म्हटलं आणि पोरं ऐकायला लागली. नोव्हेंबरात, शेवटच्या तासाला, अपूर्णांक!

दंगा होण्याचा संभव म्हणून ‘गप्प बसा’ अशी वेगळी क्लिप तयार ठेवली होती. लावली. रागावता येत नसल्यानं तो ते टाळ्या वाजवत म्हणाला. पोरांनीही टाळ्या वाजवल्या. पण गप्प बसून वाजवल्या.

निष्कर्ष: प्रयोग यशस्वी. रविवारी पूर्ण चौथीचं गणित ॲनिमेशनमध्ये करून टाकतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

चौथीच्या गणिताचं एक पान झालं.

घरी पाटीवर लिहून बोलतो. निखत बायको म्हणून तशी समजूतदार आहे, पण आज तिनं सकाळपासून बोलायला जी सुरुवात केली ती भाजी निवडून, कपडे वाळत घालून, जेवण होऊनही चालूच. मधे थांबवणार कसा? पाटीवर लिहीपर्यंत ती पुढच्या विषयावर. बाजारपेठेत तिच्या बहिणीच्या शेजारी गाळा रिकामा झालाय, तिथे तिला शिलाईचे क्लास सुरू करायचेत. हे तिनं मला चार वेळा सांगितलंय म्हणे, आणि चारही वेळा मी वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं. मला आठवत नाही.

मी पाटीवर लिहिलं, ‘विचार करू.’ तिनं पाटी घेतली आणि भिंतीला टांगली. म्हणाली, हे आता पुसायचं नाही. मला दुसरी पाटी आणावी लागली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पोरांनी नावं ठेवलीत. टीव्हीतले ते ‘पुढचे सर’. लॅपटॉपमागचा मी ‘मागचे सर’.

आज एकजण दुसऱ्याला सांगत होता, पेन्सिल मागच्या सरांकडं माग, पुढचे सर शिकवत्यात. मनाला लावून घेतलं नाही. शेवटी पुढचे सर म्हणजे मीच. प्रत्येक वाक्य माझं आहे.

एक तांत्रिक बाब: मी १/२ असं टाइप केलं होतं. बाई त्याला ‘एक तिरकी रेघ दोन’ म्हणते. तीन चतुर्थांशाला ‘तीन तिरकी रेघ चार’. लक्षात आलं तेव्हा पोरांचं पाठ झालेलं होतं. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू.

आणखी एक नोंद. सोनाली बोलली.

सोनाली चौथीत आहे. धनगराची पोर. दोन वर्षं माझ्याच वर्गात आहे, पण तोंड उघडत नाही. विचारलं की उभी राहते, पायाच्या अंगठ्याकडे बघते, डोळे भरतात. मंद आहे असं मी प्रगतिपुस्तकात लिहिलं नव्हतं, पण मनात धरलं होतं. आज पुढच्या सरांनी विचारलं, ‘अर्धा कोणता मोठा, भाकरीचा की बिस्किटाचा?’ आणि मागच्या कोपऱ्यातून आवाज आला, भाकरीचा. मला वाटलं दुसरं कोणी. तीच होती.

ॲनिमेशनची ताकद. यावर मी लेख लिहिणार आहे.

१ डिसेंबर, सोमवार

सोनालीची आजी राजाबाई शाळेत आली. काठी बाहेर टेकवली, चपला काढल्या आणि टीव्हीकडं बघत विचारलं, ती शिकवनारी बाई कुटं हाय. मी निळ्या कोटाकडे बोट दाखवलं. तिनं मिशीकडं बघितलं आणि पदर सारखा केला.

मग मेधा मॅडमना सांगत बसली. सोनाली रोज सकाळी पोट धरून बसायची. शाळेचं नाव काढलं की पोटात कळ. ओवा झाला, हिंग झालं, भगताकडंही नेली. आता चार दिवस झाले, पोट दुखत न्हाई. उलट पहाटे उठून बसती. घरी मेंढरांना ओळीनं उभं करून शिकवती आणि मधीच टाळ्या वाजवती.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी नम्रपणे मान खाली घातली. आपल्या कामामुळे एखाद्या लेकराचं पोटसुद्धा बरं होतं, याहून शिक्षकाला काय हवं?

५ डिसेंबर, शुक्रवार

संकट. फुकटची मुदत संपत आलीय असा मेसेज. पैसे भरा, नाहीतर क्लिपवर आडवा लाल पट्टा येईल. भरणार नाही. पट्टा आला तर आला.

आला. पुढच्या सरांच्या बरोबर तोंडावर. आता ते लाल पट्ट्यामागून बोलतात. पोरांनी विचारलं, पुढच्या सरांनीबी मफलर बांधला का?

घशात खवखव. रात्री झोप नाही. स्वप्नात मी ‘सावधान’ म्हणतो आणि बाईचा आवाज येतो.

९ डिसेंबर, मंगळवार

मेधा मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी केंद्रप्रमुख शाळा तपासायला येणार आहेत. डॉक्टरांचा महिना अजून पूर्ण नाही. केंद्रप्रमुख आले की पहिल्यांदा शिक्षकाशी बोलतात. चिठ्ठीवर किती दाढा काढू?

योजना: स्वागत, वर्गाची ओळख, उपक्रमाची माहिती, सगळं पुढचे सर देतील. मी फक्त बटण दाबीन. त्यात वाईट काही नाही. मंत्रीसुद्धा लिहून आणलेलंच वाचतात.

मॅडमनी हळूच विचारलं, साहेबांना सांगू का की तुम्हाला बरं नाही? मी जोरजोरात मान हलवली. मान दुखावली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आजचं लिहूनच ठेवायला हवं.

केंद्रप्रमुख आले. खुर्चीत बसले. मी हात जोडले, स्मित केलं आणि बटण दाबलं. घाईत दुसरीच क्लिप दबली. लाल पट्ट्यामागून पुढच्या सरांनी साहेबांकडे बघून हात हलवला आणि म्हणाले, ‘शू लागली असेल तर एकेकानं जा. चप्पल घाला. हात धुऊन या.’

मी लॅपटॉप बंद करायला गेलो तर ते नाचायला लागले.

साहेब हसले. मोठ्या मनाचा माणूस. (थोड्या वेळानं खरंच गेले. हात धुऊन आले.) मग त्यांनी मला काही न विचारता थेट पोरांना विचारलं, अर्धा कसा लिहायचा. अख्खा वर्ग एका सुरात: एक तिरकी रेघ दोन! साहेबांनी परत विचारलं. परत तेच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला आता बोलावंच लागणार होतं. मी श्वास घेतला. गाठी, ऑपरेशन, डोंगरापलीकडची शाळा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

तेवढ्यात सोनाली उठली. कोणी सांगितलं नव्हतं. म्हणाली, “साहेब, ते लिवायचं तसं असतं. पर अर्धा म्हंजी दोगांना सारखं. आमच्या मेंढीला दोन पिल्लं झाली, तर आजी एकाला आधी पाजती, मग दुसऱ्याला. पैल्याला पोटभर पिऊ दिलं तर दुसऱ्याला अर्धं उरत न्हाई.”

साहेब थक्क. मी थक्क. इतकं मोठं वाक्य, तेही परक्या माणसापुढं. तिचे कान लाल झाले होते, पण ती खाली बसली तेव्हा हसत होती.

साहेब जाताना म्हणाले, पुढच्या शिक्षण परिषदेला केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक इथेच आणतो, हा वर्ग बघायला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तोंड उघडलं नाही यालाही ते विनय समजले असावेत.

१३ डिसेंबर, शनिवार

केंद्रातले सगळे शिक्षक. माझ्या वर्गात. अतिरिक्त कसला, आता मला हलवणाऱ्याला विचार करावा लागेल.

पण एक सल. त्यांनी येऊन बघायचं काय? टीव्ही? मिशीवाला? सगळ्यांना वाटणार, युनूस अत्तारनं काय केलं, बटण दाबलं. नाही. त्या दिवशी माझा आवाज परत आलेला असणार. पुढच्या सरांनी पोरांना तयार केलं, आता खरे सर सूत्रं हातात घेणार. शेवट भव्य झाला पाहिजे.

निखतनं गाळा बघितला. मला विचारलं नाही. भिंतीवर लिहिलंय तेवढं पुरे म्हणाली.

१७ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरांनी परत कॅमेरा घातला. गाठी जवळजवळ गेल्या. म्हणाले, बोला, पण हळू. ओरडलात तर परत येतील. मी म्हणालो, ‘ठीक आहे.’ एका महिन्यानंतर माझा आवाज. गाडीवर बसल्यावर हेल्मेटच्या आत ‘सावधान’ म्हणून बघितलं. आहे. सगळा आहे.

शाळेत जाऊन मेधा मॅडमना खरं सांगितलं, दाढ नव्हती, गाठी होत्या. मला वाटलं त्यांना धक्का बसेल. त्या म्हणाल्या, मला पहिल्याच दिवशी माहीत होतं, निखतभाभींचा सकाळीच फोन आला होता. पोरांनाही मीच सांगितलं होतं, सरांचा घसा फार दुखतोय, त्यांना ओरडावं लागेल असं वागू नका. पहिला दिवस विसरली, नंतर शहाण्यासारखी वागली.

म्हणजे वर्गातली शिस्त पोरांच्या मनानं होती, ॲनिमेशननं नव्हती, असं त्यांचं म्हणणं. मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय. मुलं इतकी समजूतदार असती तर मला चोवीस वर्षं ओरडावं कशाला लागलं असतं?

२० डिसेंबर, शनिवार

परिषद सोमवारी. तयारी पूर्ण. टीव्हीवर पुन्हा कव्हर घातलं. नवा शर्ट. मुलांना सांगितलेलं नाही. अचानक आवाज ऐकून त्यांना काय आनंद होईल! सोनाली तर आता माझी स्टार. तिलाच पहिला प्रश्न.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी केंद्रातले शिक्षक आले. मागे सतरंज्यांवर बसले. केंद्रप्रमुख खुर्चीत. मी पुढे उभा राहिलो आणि पूर्ण आवाजात म्हणालो, ‘सुप्रभात, मुलांनो!’

खिडकीची काच वाजली. वर्ग एका क्षणात ताठ झाला. हाताची घडी, तोंडावर बोट. पाठीमागून कोणीतरी ‘वा, शिस्त’ म्हटलं. मला भरून आलं.

सोनालीला उठवलं. विचारलं, अर्धा म्हणजे काय, सांग पाहुण्यांना. ती उभी राहिली. अंगठ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, सांग, मेंढीचं सांग. ओठ हलले. मी म्हटलं, ‘मोठ्यानं!’ तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं.

दुसऱ्याला विचारलं. तोही अंगठ्याकडे. तिसरीला विचारलं. माझा आवाज वाढत गेला, असं मेधा मॅडम नंतर म्हणाल्या. मला जाणवलं नाही. मला एवढंच दिसत होतं की शेवटच्या ओळीपर्यंत एकही डोळा वर नाही. मॅडम पुढे आल्या, हळूच म्हणाल्या, सर, दोन मिनिटं बसा. मी बसलो नाही. एवढ्या लोकांपुढं कसा बसणार?

केंद्रप्रमुखांनी घड्याळ बघितलं. पुढच्या विषयाला वेळ कमी आहे म्हणाले. पाहुणे चहाला गेले. एक शिक्षक जाताना टीव्हीच्या कव्हरचा कोपरा उचलून बघत होता.

शाळा सुटली. मी वर्गात एकटाच खुर्चीत बसलो होतो. सोनाली दप्तर घेऊन दारापर्यंत गेली, थांबली, परत आली. टेबलापासून लांबच उभी राहिली. दप्तराचा पट्टा सोडला, परत धरला. मग म्हणाली,

“सर, तुमचा घसा परत कधी बसनार हाय?”

चिडवत नव्हती. एखाद्याला गावाहून कधी येणार विचारावं तसं विचारत होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती दोन पावलं मागं सरली. मी तोंड मिटलं.

मग मी फक्त खांदे उडवले, माहीत नाही असं. ती जवळ आली. टेबलावर कोपरं टेकली आणि सांगायला लागली: सकाळी खरं तर तिला सगळं येत होतं, दुसरं पिल्लू आता उड्या मारतंय, आजी म्हणते त्याचं नाव तूच ठेव, तिनं अजून ठेवलेलं नाही, कारण नाव एकदा ठेवलं की बदलता येत नाही. मी मान हलवत होतो. ऊन पायरीवरून उतरून गेलं तरी तिचं संपलं नव्हतं.

घरी आलो. निखतनं विचारलं, कसं झालं. मी दुसरी पाटी शोधत होतो. ती म्हणाली, आता कशाला पाटी, आवाज आलाय ना?

घसा थोडा दुखतोय. नक्कीच दुखतोय. उद्या पिरंगुटला जाऊन डॉक्टरांना विचारतो, मौन आणखी काही महिने वाढवता येईल का. केवळ घशाच्या दृष्टीनं.